यानांची नोंद आणि फलटणचं स्थळ

"वहिनी, पोरगी एवढी घोडी झाली तरी खोट्या विमानांची यादी करत बसती म्हणं," मुलगी बघायला फलटणहून आलेली मुलाची आत्या त्याच्या आईच्या कानाशी कुरकुरली. चहा देताना पोरीच्या आईला, अंजनाला, ते ऐकू आलं. विमानं न्हाईत, यानं हायत, हे तिनं कसंबसं गिळलं.

एका परदेशी मालिकेतल्या अंतराळयानांची नोंद तिची लेक स्वप्नाली आणि लेकीचे दोस्त करायचे. दोघांनी पडद्यावर पाहिल्याशिवाय यान नोंदवायचं नाही, हा त्यांचा नियम. दोस्त कामात असले की दुसरी साक्षीदार अंजना. भाकरी थापता थापता तिनं कितीतरी यानांची इंजिनं मोजली होती.

"लग्नानंतर हे बंद करावं लागंल," मुलाची आई म्हणाली. मुलगा चहात बिस्कीट बुडवत राहिला.

"न्हाई करणार," स्वप्नाली म्हणाली.

स्थळ तालेवार होतं. नवऱ्यानं, बिरदेवनं, अंजनाला डोळ्यांनीच दटावलं.

"बरं, आमी घरी जाऊन कळवतो," आत्या उठली.

अंजनानं ट्रे खाली ठेवला. "आवं, तुमी कशाला कळवताय? आमालाच पोरगा पसंत न्हाई."