ओडव्हारचे आकडे

माझा नवरा ओडव्हार आमच्या बेटावरच्या फेरीबोटीचा कप्तान. सव्वीस वर्षं बोटीवर, आणि घरातही कप्तानच. मार्चच्या तपासणीत त्याचा रक्तदाब इतका निघाला की बोट चालवायच्या नव्या दाखल्यावरची सही डॉक्टरनं रोखली. गोळ्या दिल्या आणि मनगट आवळून दाब मोजणारं घड्याळ दिलं. रोज सकाळी आकडा फोनवर, फोनवरून दवाखान्यात. सहा आठवडे आकडे नीट आले तर दाखला, नाहीतर बोट दुसऱ्याच्या हाती. तोवर जुन्या दाखल्यावर फेऱ्या चालू.

चौथ्या दिवशी, कॉफीच्या आधी, ते घड्याळ पुढं करून तो म्हणाला, “गुनवोर, हात दे. तुला कधी काही होत नाही.”

दिला. एकतीस वर्षं देतच आलेय.

महिनाभर फोनवर हिरवी खूण. नर्स तुरिदनं शाबासकी कळवली. त्या आनंदात पठ्ठ्यानं गोळ्याही सोडल्या.

मग आकडे चढायला लागले. एकशे साठ. एकशे अडुसष्ट.

“काय खातेस काय तू?” तो खेकसला. माझ्या ताटातलं खारवलेलं मटण त्यानं उचलून स्वतःच्या ताटात घेतलं, माझी कॉफी सिंकमध्ये ओतली. लग्नानंतर माझ्या तब्येतीची एवढी काळजी त्यानं पहिल्यांदाच केली. आणि मला मेलीला ते बरंही वाटलं.

सोमवारी बाराला तुरिदचा फोन आला. त्यानं स्पीकर लावला.

“ओडव्हार, आज एकशे ब्याऐंशी! डोकं दुखतं का? अंधुक दिसतं?”

“छे गं, ठणठणीत आहे. उद्या येतो.”

माझं डोकं आठ दिवस ठणकत होतं. डाव्या डोळ्यापुढं धुकं होतं. मी त्याला सांगितलंही होतं.

फोन ठेवून तो माझ्यावर उखडला. “घालवलीस ना माझी बोट? उद्यापासून बहिणीचा हात घेतो.” माझ्या मनगटावरचं घड्याळ ओढून त्यानं खिशात टाकलं आणि एकच्या फेरीला निघून गेला.

मला इतका संताप आला की मी सरळ दवाखान्यात फोन लावला.

“तुरिद, ते आकडे माझे आहेत. चौथ्या दिवसापासूनचे सगळे.”

“तू आहेस तिथंच बसून राहा, मी गाडी पाठवते. आणि गुनवोर, त्याचा दाब किती आहे?”

“कुणी मोजलाच नाही गं,” मी म्हटलं. “तो आत्ता साठ माणसं घेऊन निघालाय.”