हवाबंद डबा

भिंगरीचा पाय घरात टिकत नाही, असं तिची आत्या म्हणायची. तोंडावर म्हणायची, म्हणजे पाठीमागे काय म्हणत असेल ते तिलाच ठाऊक. खरं तर पाय चांगला टिकला होता. शाळा सुटल्यापासून भिंगरी बापाच्या पत्र्याच्या दुकानात बसून डबे झाळत होती. बाबा कात्रीने पत्रा कापायचे, मोगरीने ठोकून वळवायचे, आणि तापलेल्या सळईने सांध्यावर कथील ओढून तो मिटवायचं काम हिचं. सळई ज्यावर घासायची त्या नवसागराच्या धुरात तिचं निम्मं तारुण्य खोकण्यात गेलं, उरलेलं शिंकण्यात. बाबांचे हात आता थरथरायचे, तेव्हा सळई धरायला घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

टिकत नव्हतं ते मन. ते दुकानाच्या खिडकीतून उडायचं आणि डोंगरापलीकडच्या रानात जाऊन बसायचं, पाखरू फांदीवर बसतं तसं, मान वाकडी करून. म्हणून हौशी लोकांना रानात फिरवणाऱ्या संस्थेने वाटाड्याची जागा काढली, तेव्हा भिंगरीने कुणाला न विचारता आपलं नाव दिलं. संस्था तिशीपुढचं माणूस घेत नसे आणि भिंगरीची तिशी अगदी दाराशी येऊन चपला काढत होती. जमलं तर आत्ताच, नाहीतर जन्मभर नवसागर.

परीक्षा साधी होती. दोन रात्री रानात एकटीने काढायच्या. जवळ एक कांबळं, पाण्याची बाटली आणि तळहातावर मावेल एवढा एकच डबा. डब्यात काय भरायचं ते ज्याच्या त्याच्या अकलेवर.

बाबांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. त्यांनी डबा करून दिला. निघायच्या आदल्या दुपारी तिघं दुकानात त्या डब्याभोवती बसली.

“आधी सुरी,” भिंगरी म्हणाली आणि एक छोटं पातं आत ठेवलं.

“सुरी कशाला? तुझी जीभ आहे की,” आत्या म्हणाली. “त्यापेक्षा कंगवा ने.”

“रानात कंगवा?”

“उद्या मेलीबिलीस तर चार लोक बघायला येतील. केसांचं टोपलं घेऊन पडशील का तिथे?”

“आत्या!”

“बरं बाई, नको मरूस. पण कंगवा ने.”

कंगवा आडवा मावेना, उभा मावेना. आत्याने त्याचे दोन तुकडे केले, तरी मावेना. मग काडीपेटी मेणकापडात गुंडाळून गेली. सुतळीची गुंडी गेली, सुई-दोरा गेला, गळ गेला, मिठाची पुडी गेली. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या गेल्या. आत्याने पोटदुखीवरच्या ओव्याची चिमूट कोपऱ्यात कोंबली आणि भिंगरीने काढायच्या आत वर पट्टी चिकटवून टाकली. शेवटी संस्थेने दिलेली पितळी शिट्टी राहिली. जिवावर आलं, नको झालं, की ती वाजवायची. माणसं येऊन घेऊन जातात. अर्थात परीक्षा तिथेच संपली. शिट्टी बसवायला अर्धा गळ वाकवावा लागला.

आत्याला असल्या वेळी यमक सुचायचं, जसं दुसऱ्याला उचकी लागते:

“सुई घे, दोरा घे, घे गं शिट्टी,
अस्वल भेटलं तर कर त्याच्याशी गट्टी!”

“अस्वलालाच सांग, हिच्याशी गट्टी करणं सोपं नाही,” बाबा म्हणाले. दुपारभरात त्यांचं हे पहिलं वाक्य.

झाकण बसलं. आता हात हा मोठा सवयीचा प्राणी. मालकाला न विचारता तो कामाला लागतो. भिंगरीसमोर भरलेला डबा, शेजारी तापलेली सळई. तिने नवसागरावर सळई घासली, कथील उचललं आणि झाकणाच्या कडेने फिरवत आणलं. केसाएवढी रेघ, कुठे गाठ नाही, कुठे थेंब नाही. बाबांनी डबा उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

“पाणीच काय, वाराही आत जायचा नाही,” ते म्हणाले.

भिंगरी लाजली. आत्याने डब्याला हळदीकुंकवाऐवजी फुंकर घातली. तीन शहाणी माणसं, आणि तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांच्या घरात चांगला डबा म्हणजे बंद डबा.

सकाळी रानाच्या फाटकाशी उमेदवार रांगेत उभे होते. तपासणी करणाऱ्या बाईंना सगळे बाभूळबाई म्हणत, कारण त्यांच्याजवळून जाणारा ओरखडल्याशिवाय जात नसे. त्या भिंगरीपाशी थांबल्या.

“छान डबा. उघड.”

भिंगरीने नखाने झाकण उचलू पाहिलं. नख तुटलं. मग तिला समजलं.

“बाई, तो... झाळलाय.”

“मग सुरीने काप.”

“सुरी आत आहे.”

मागचा उंच उमेदवार इतका हसला की त्याचा चष्मा पडला. बाभूळबाईंनी डबा कानाशी धरून हलवला. आतून काहीतरी खुळखुळलं.

“शिट्टीपण आत?”

“आत.”

“म्हणजे तुला घाबरायचीसुद्धा सोय नाही,” बाई म्हणाल्या. “घरी जायचं असेल तर आत्ता जा. नियमात डबा न्यावा एवढंच आहे. उघडावा असं काही लिहिलेलं नाही.”

भिंगरीला दुकानातला धूर आठवला. तिने डबा घेतला आणि फाटकातून आत शिरली.

पहिल्या रात्रीबद्दल ती पुढे कधी फारसं बोलली नाही. काळोख म्हणजे काय ते तिला कळलं, आणि कांबळ्याखाली आपले दात किती वाजतात तेही. कितीदा तरी तिने शिट्टीसाठी डबा दगडावर आपटला. डब्याला पोचा आला, सांधा उसवला नाही. अंधारात बसून तिने ज्या हातांनी तो झाळला त्या हातांना अशा शिव्या दिल्या की एक घुबड जागा बदलून बसलं. हार मानायची होती, पण मानणार कशी? माणसाला शरण जायलासुद्धा साधन लागतं.

उजाडल्यावर ती ओढ्याकाठी गेली. एक खडबडीत कातळ बघून डब्याची कड त्यावर घासत बसली. पुढे-मागे, पुढे-मागे, जात्यावर बसल्यासारखी. ऊन डोक्यावर आलं. बोटं सोलली. शेवटी कथील झिजलं, पत्रा फाटला आणि सगळ्यात आधी हातात आली ती शिट्टी.

भिंगरीने ती ओठांपर्यंत नेली. ओढा आपल्या नादात गोट्यांना काहीबाही सांगत चालला होता. एक खंड्या समोरच्या फांदीवर आला, तिच्याकडे बघून त्याने मान वाकडी केली. तिने शिट्टी कपड्याला पुसली आणि खिशात टाकली. पाणी संपलं होतं, काटक्या गोळा करायच्या होत्या. वाजवायला वेळ कुणाला होता?

तिसऱ्या सकाळी बाभूळबाई आल्या तेव्हा ती फाटक्या डब्यात पाणी उकळत बसली होती.

“शिट्टी का नाही वाजवलीस?”

“पहिल्या रात्री वाजवणारच होते. मिळाली नाही.”

“आणि काल?”

“काल कामात होते, बाई.”

बाईंनी तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. “पुढच्या आठवड्यापासून ये,” त्या म्हणाल्या. “डबा मात्र मी भरणार.”

भिंगरी घरी पोचली तेव्हा आत्याने गळा काढला, मग गळ्यात पडली, मग केसांचं टोपलं बघून कपाळावर हात मारला. बाबांनी फाटका डबा हातात घेतला.

“गळला?”

“नाही.”

“मग फाटला कशाने?”

भिंगरीने सगळं सांगितलं. नोकरीचंही सांगितलं. बाबा डब्याचा पोचा अंगठ्याने दाबत राहिले.

“सळई कोण धरणार?” त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत या विषयावर ते पहिल्यांदा बोलले. ते रागावले नव्हते, आणि तेच अवघड होतं.

“मी काय मेलेय का?” आत्या म्हणाली.

“तू? तुला दिवा लावताना पदर सांभाळता येत नाही,” बाबा म्हणाले.

“सरक तिकडे.” आत्याने पदर खोचला, भिंगरीला बाजूला ढकललं आणि सळई उचलली. कथील कडेवर कमी आणि तिच्या चपलेवर जास्त पडलं. पहिला डबा झाला तेव्हा त्याच्या कडेला गाठीच गाठी होत्या, वेणी घातल्यासारख्या. तिघांनी तो पाण्याच्या बादलीत दाबून धरला आणि कुठे गळतो का ते वाकून पाहिलं. चहूबाजूंनी बुडबुडे निघाले, शाळा सुटल्यासारखे धावत, ढकलाढकली करत.

आत्या म्हणाली, “जिवंत आहे वाटतं आत कुणीतरी.”

बाबा हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ओला डबा बादलीतून काढला आणि भिंगरीच्या हातात दिला.

“रानात हा ने,” ते म्हणाले. “हा उघडेल.”