कॉडमाशाचं तेल

थळच्या सदाशेठचं दुकान देवळासमोर होतं. सकाळी लावलेलं गंध त्याच्या कपाळावर दिवसभर ओलं दिसे. कोळणी मुशी माशाची काळजं उकळून होड्यांना चोपडायचं तेल काढत, ते तो डबेच्या डबे विकत घेई. नीराबाई तर त्याला कित्येक वर्षं तेल घालत होती.

एकोणीसशे तीस साली तिची सून रतन बाळंतपणानंतर उठेना. अलिबागच्या डॉक्टरांनी विलायती कॉडमाशाचं तेल द्यायला सांगितलं. सदाशेठकडे ते होतं. बाटलीवर जहाजाचं चित्र, सोनेरी इंग्रजी अक्षरं. नीराबाईनं घरी येऊन बूच काढलं आणि तिचं नाक आक्रसलं. वास तिच्याच चुलीवरचा होता. वर भुईमुगाचं तेल मिसळलेलं.

ती तशीच दुकानात गेली. "शेट, ह्ये तर माझं तेल हाय."

"तुला वाचता येतं का? मग गप बस."

ती गप बसली नाही. बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेली. लेबल वाचून त्यांनी आधी तेल खरंच मानलं, पण बूच काढून हुंगल्यावर पोलिसांना लिहिलं. झडतीत माळ्यावर लेबलांचे गठ्ठे, खळीचं भांडं आणि तिचे डबे सापडले.

कोर्टात सदाशेठ रडवेला झाला. लेबलं म्हणे मुंबईच्या छापखान्यानं पाठवली, त्याला इंग्रजी कुठलं येतंय! त्याचा वकील तर त्याच्याही वरताण.

"बाईला अक्षरओळख नाही, सरकार. लेबल तिला फसवणार कसं?"

"मना न्हाय फसवलं," नीराबाई म्हणाली. "डाक्तरला फसवलं. त्याला वाचता येतं."

मॅजिस्ट्रेटनी आरोपीकडे पाहिलं. "छापली छापखान्यानं. बाटलीवर चिकटवली कोणी?"

सदाशेठला चक्कर आली. पाणी पाजल्यावर तो दोन महिन्यांची सजा ऐकण्याइतका बरा झाला.

त्या वर्षी अलिबागचा तुरुंग सत्याग्रहींनी भरलेला होता. सुटला तेव्हा सदाशेठ खादीची टोपी घालूनच बाहेर पडला. दरवाज्यापाशी जमलेल्या अनोळखी मंडळींनी त्याच्याही गळ्यात हार घातला. त्यानं नम्रपणे मान लववली. "देशासाठी एवढं तरी..."

पलीकडे नीराबाई पाटी घेऊन मासळी विकत होती. तिनं बसल्या जागेवरून हाक मारली.

"शेट, मुशीच्या तेलापायी गेलता न्हवं तुमी?"

ज्यानं हार घातला होता त्यानंच तो काढून घेतला. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. एवढीही किंमत कोणाला द्यावीशी वाटली नाही.

टोपी मात्र सदाशेठनं थळला पोचेपर्यंत डोक्यावरून काढली नाही.