हळद लावलेले तुरे

केवळाबाईवर मी अजून रागावलेली आहे. लोक म्हणतात, सोड आता, शेजारधर्म आहे. लोकांचं काय जातंय सांगायला! त्यांच्या लेकीच्या तोंडचा घास गेला नव्हता.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. म्हातारी माणसं अजून कोर्टकचेरीला उस्मानाबादला जायचं म्हणत. आणि वर दुष्काळ. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचं, असे दिवस. आमचे मालक ऊसतोडीला गेलेले. मी तलावाच्या सरकारी कामावर माती उपसायला जायची, ती अंधार पडताना परत यायची. घरात उरली होती एक तांबडी कोंबडी, आणि तीही ऐन दिवाळीत अंडी द्यायची थांबून खुडूक, म्हणजे उबवायला बसली.

माझी लेक गौतमी सासरी पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, उन्हाळ्यात. लेक आधीच काडी, त्यात सासरीही ज्वारीची बोंब. निरोप घेऊन आलेल्या तिच्या दिराला मी सांगून टाकलं होतं, "तिला म्हणावं, दुसरं काय देईन न देईन, पर अंड्याला कमी पडू द्यायची न्हाई." म्हणजे त्या तांबडीची पिल्लं जगायला हवी होती, आणि त्यांतल्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, उन्हाळ्यापर्यंत अंड्यावर यायला हव्या होत्या.

पण दिवसभर पिल्लं राखणार कोण? घार, मांजर, मुंगूस, सगळेच उपाशी. केवळाबाई माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिचा पाय अधू, म्हणून ती कामावर येत नसे. आमच्याकडे कोंबडी अर्धलीनं देतात. कोंबडी एकीची, राखण दुसरीची, आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली की निम्मी निम्मी. निवडताना जिची कोंबडी तिचा हात पहिला, मग दुसरीचा, असं आळीपाळीनं. मी तांबडी अंड्यांसकट तिच्या डाल्याखाली नेऊन ठेवली आणि निर्धास्त झाले. केवळाच्या घरून मी किती वेळा विस्तव आणला असेल, मीठ आणलं असेल! तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कोणावर?

संक्रांत झाली आणि तिनं वाटणीला बोलावलं. मी कामावरून तशीच, मातीच्या पायांनी गेले. डालं उचललं तर सगळ्या पिल्लांची डोकी पिवळीजर्द. तुऱ्यांवर हळद आणि करडईच्या तेलाचा हा जाड लेप.

"अगं, हे काय?"

"देवी आलीय कोंबड्यांवर," केवळा म्हणाली. "खालच्या गल्लीत लई मेल्या. म्या आधीच लावून ठिवली. पुसू नगंस, सरजे, चिघळंल."

मला तेव्हा नर ओळखायची एकच खूण ठाऊक होती, तुरा. नराचा तुरा लवकर लाल होतो, मोठा होतो. आता तुराच दिसेना. मी तिच्याकडे पाहिलं.

"ह्या जाड पायाच्या घे," ती म्हणाली. "अंगानं भरल्यात, लौकर अंड्यावर येतील. तुझ्या लेकीला लागतील न्हवं? म्या बारक्या घेते."

माझे डोळे भरून आले. लेकीसाठी स्वतःच्या वाट्याला बारकी पिल्लं घेणारी शेजारीण कुठं मिळते! ती बोट दाखवत गेली आणि मी उचलत गेले.

पुढे एकदा सुटीच्या दिवशी अंगणात घारीची सावली फिरली. केवळाच्या पिल्लांनी जमिनीला पोट टेकलं. माझी सगळी माना ताठ करून उभी राहिली. मी हसले, म्हटलं, माझ्या पोरी धीट आहेत. इतकी मी खुळी.

मग एका सकाळी त्यांतली एक धीट पोरगी आरवली. दोन दिवसांनी दुसरी. मी एकेकाला धरून पाहिलं. मानेवर टोकदार, चकाकणारी पिसं, पायाला नखीचा उंचवटा. सगळे नर. घारीच्या सावलीला माद्या दबतात आणि नर मान ताठ करतात, हे मला तेव्हा उमजलं. आणि तुरे लालबुंद, गुळगुळीत. देवी येऊन गेली की तुऱ्यावर काळ्या खपल्या धरतात, खपल्या पडल्या तरी खड्डे राहतात. माझ्या एकाही कोंबड्याच्या तुऱ्यावर डाग नव्हता. मी भिंतीवरून तिच्या तलंगा पाहिल्या. त्यांनाही नव्हता.

मी तिच्या दाराकडे न बघता कामावर जायला लागले. मातीची पाटी उचलताना मला रडू यायचं, बायका विचारायच्या, मी म्हणायची, डोळ्यात धूळ गेली.

गौतमी आली, बाळंत झाली, मुलगी झाली. मी एकेक कोंबडा कापून तिला रस्सा पाजला. शेवटचा एक राहिला. एका दुपारी केवळाबाई पदरात अंडी घेऊन दारात उभी.

"लेकीला आणलीत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सरजे, माझी तलंग खुडूक झालीय. खाली ठिवलेली समदी अंडी वाया गेली. गल्लीत कोंबडाच न्हाई, समदे लातूरच्या नव्या हाटेलवाल्यांनी उचलले. तुझा चार दिस सोड की माझ्याकडं."

आतून गौतमी म्हणाली, "मावशी, या ना आत."

मी उंबऱ्यातून हलले नाही. हळूच विचारलं, "केवळे, देवी आलती का गं खरंच?"

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "तू कामावर जायचीस. माझ्या घरात कायबी येत न्हवतं."

"मागितल्या असत्यास तर म्या तुला समद्या तलंगा दिल्या असत्या."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मागायची लाज वाटली."

"आन् फसवायची न्हाई वाटली?"

तिनं पदरातली अंडी पुढं केली. मी अंडी घेतली. घ्यावीच लागली, आत लेक वाट बघत होती. कोंबडाही दिला, पण म्हटलं, पिल्लं अर्धलीनं आणि पहिला हात माझा.

पोळ्याच्या आधी वाटणी झाली. या वेळी तुरे उघडे होते. मी अंगणात बसकण मारली आणि एकेक पिल्लू हातात घेतलं. तुरा पाहिला, पायाची जाडी पाहिली, मानेची पिसं फुंकर मारून पाहिली. रिकामी टोपली वर भिरकावली आणि कोण दबतं, कोण मान ताठ करतं ते पाहिलं.

"सरजे," केवळा कापऱ्या आवाजात म्हणाली, "एवढं तपासतीस? माझ्या घरात?"

"हाव," मी म्हटलं.

ती डोळ्याला पदर लावून रडायला लागली. मला तिचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी मी पुढचं पिल्लू उचललं आणि त्याची पिसं फुंकरली.

पूर्वी मला तुरा तेवढा कळायचा. आता सगळं कळतं, आणि त्याचा मला काडीचाही आनंद नाही.