न उजळलेली मूठ

“ज्याच्या मुठीत खडा उजळत नाही ना बाई, त्याले एकटं घरी जाऊ देऊ नका.”

नानाजी असं म्हणाले तेव्हा शामला हसली होती. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पंचवीस वर्षं काढलेला अटेंडंट. त्याच्या अशा समजुती असायच्याच.

काम मात्र चोख. खास क्षारांचे खडे दिव्याखाली धरायचे, लगेच बर्फात ठेवायचे. थंडीत उजेड खड्यातच अडकून राहतो. ऊब लागली की बाहेर पडतो, तोही एकदाच. असं का, ते शामला मुलांना फळ्यावर समजावायची. नानाजी आधी डार्करूममध्ये एक खडा मुठीत धरून बघायचे. बोटांच्या फटींतून हिरवट उजेड पाझरला की म्हणायचे, “चला, जागा झाला.”

नाताळच्या सुट्टीआधीचं ते शेवटचं प्रॅक्टिकल. अंधारात मुलांच्या मुठी एकेक करून उजळल्या. नानाजींची उजळली नाही.

“वापरलेला खडा घेतला का, नानाजी?”

“नाही जी बाई, आत्ताच काढला.”

तिने तो त्यांच्या तळहातावरून उचलला. हात फरशीसारखा गार होता. तिच्या मुठीत मात्र खडा लख्ख उजळला, आणि त्या उजेडात तिला दिसलं, नानाजी स्वतःच्या हाताकडे बघत उभे आहेत.

“सकाळपासून बर्फात काम करून राहिलो ना,” ते म्हणाले. “तुम्ही काहून घाबरता? एमेस्सी तुम्ही का मी?”

घरी चार वर्षांची बेबी तापली होती, शामलाला घाई होती. बेबीसाठी त्यांनी थर्मासात बर्फ घालून एक खडा दिला आणि ते कुहीच्या एसटीला निघाले. तिथे त्यांचं घर. बायको गेल्यापासून आत दुसरं कोणी नाही. शामलाने त्यांना जाऊ दिलं.

बेबीला गोवर निघाला. नवरा खापरखेड्याला, पॉवर हाउसच्या ड्यूटीवर. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेल्या खोलीत बेबी म्हणाली, “आई, खडा दे ना.”

थर्मासात बर्फाचा शेवटचा तुकडा अजून तरंगत होता. तापलेल्या मुठीत खडा असा पेटला की बोटं आरपार लाल दिसली. मग विझला.

“आता त्यांना दे,” बेबी दाराकडे बघत म्हणाली. “नानाजींचा हात किती गार हाय.”

हे शामलाने तिला सांगितलंच नव्हतं. दारात कोणी नव्हतं.

कॉलेज बंद. टाकलेल्या पोस्टकार्डाला उत्तर नाही. पोरीला सोडून जाता येत नाही, आणि गोवराच्या घराचा उंबरा कोणी चढत नाही. म्हणून ती दारातूनच येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, तसं तुम्हालाही विचारते आहे: कुहीकडे जाणार आहात का? ओसरीवर जुना हातमाग असलेलं घर विचारा, कोणीही दाखवेल. आतून “बरा हावो” असं ऐकू आलं तरी परत फिरू नका. दार उघडेपर्यंत थांबा, आणि त्यांचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा.