उखाण्यातले धनाजीराव

आसराबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि उखाणाही दरवेळी दुसरीकडून ऐकलेला. राधाकिसनला हे मनातून लागायचं. बायकोनं आपल्या नावासाठी दोन ओळी स्वतः जुळवाव्यात एवढीच त्याची हौस, पण या वयात ते बोलायचं कसं? म्हणून मंठ्याच्या महिला मंडळानं उखाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा आसराबाईपेक्षा त्यालाच जास्त घाई झाली.

ती भाकरी थापत होती. सून रेणुकानं मोबाइल तिच्यापुढं धरला.

"आत्या, याला सांगा. जल्दी बनवून देतंय."

आसराबाई मोबाइलला म्हणाली, "धन्याचं नाव घालून उखाणा दे बाबा." नवऱ्याचं नाव असं उघड घ्यायचं नाही, मग समोर यंत्र का असेना.

मोबाइल लगेच बोलला, "कपाशीला आली बोंडं, दारी फुलली जाई, धनाजीरावांचं नाव घेते, कशाची कमी नाही."

राधाकिसननं चहाचा कप खाली ठेवला. "हा धनाजी कोण?"

रेणुकाची हसून हसून पुरेवाट झाली. "मामा, त्यानं धन्याचा धनाजी केला. नाव बदलते की."

मुलगा ओमप्रकाश वकिलाकडं कारकून होता. तो म्हणाला, "तरी चालायचं न्हाई. मंडळाला स्वतः रचलेलाच पाहिजे. मशीनच्या उखाण्याला रचणारा माणूसच न्हाई, मंग पुस्तकात त्याचा हक्क कुणाच्या नावावर लावायचा?"

"लावा त्या धनाजीच्या नावावर," म्हणून राधाकिसन तोंड फिरवून बसला.

आसराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. म्हातारा चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि कुणाकडं न बघता म्हणाली,

"चहा झाला गार, त्यात पडली माशी,
राधाकिसनरावांचं नाव घेते, बोलंना झालेत माझ्याशी."

राधाकिसननं वाकून पाहिलं. कपात खरंच माशी होती.

"हा बराबर स्वतःचा," ओमप्रकाश कागद शोधू लागला. "लिहून घेतो, मंडळाला देऊ."

"द्यायचा न्हाई," राधाकिसन म्हणाला. "हा माझा हाये."

"बापू, कायद्यानं तो आईचा. जिनं रचला तिचा."

"माझाच ना?" आसराबाईनं हाताचं पीठ झटकलं. "मंग मी दिला त्यांला."

राधाकिसननं माशी काढली, गार चहा तसाच पिऊन टाकला आणि हळूच म्हणाला, "मंग अजून एकदा म्हण."