खडू दुसऱ्याच्या हाती

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. एका दवाखान्याच्या धुलाईघरावरच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. सुताराने रंधा मारून, काळा रंग देऊन मला भिंतीवर चढवलं, तेव्हा माझी ऐट काय सांगू! शिकवायला येणारे साहेब मला कानाकोपऱ्यापर्यंत लिहून भरून टाकत. समोर बसलेले धुलाईघरातले कामगार माना डोलवत आणि खाली जाऊन पहिल्यासारखंच काम करत. मला वाटे, शिकणं म्हणतात ते हेच.

मग एक दिवस शिकवायला ताई आल्या. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या आणि माझ्याकडे चक्क पाठ करून त्याही गोलात बसल्या. मला असा राग आला म्हणता!

त्या गोलात इस्त्रीयंत्रावरची वहिनी होती. अडकलेली चादर ओढताना तापलेल्या रुळाने तिचा हात भाजला होता. हात बरा झाला, पण यंत्राजवळ जायचा धीर होईना. सोमवारी ती कामावर उभी राहिली नाही, तर नोकरी जाणार होती.

ताईंनी एवढंच विचारलं, "चादर अडकली की आपण नेमकं काय करतो?"

कुणी बोलेना. साहेब असते तर स्वतःच उत्तर देऊन मोकळे झाले असते. ताई मात्र शांत बसून राहिल्या. गप्प राहायलाही केवढं बळ लागतं, ते मी तेव्हा पाहिलं.

शेवटी घड्या घालणारे काका पुटपुटले, "खरं सांगू का? मीही हातच घालतो. यंत्र थांबवलं की कपड्यांचा ढीग साचतो ना."

"मी पण," धुणाऱ्या मावशी म्हणाल्या. "नशिबाने वाचले."

वहिनीने मान वर केली. "मला वाटलं, मीच एकटी वेंधळी."

"मग आता कसं करायचं?" ताईंनी खडू तिच्यापुढे धरला.

वहिनीने माझ्यावर वाकडंतिकडं यंत्र काढलं. चादरीपाशी एक माणूस, बटणापाशी दुसरा. "एकाने ओरडायचं, दुसऱ्याने यंत्र बंद करायचं. तोवर हात मागे."

"ढीग साचला तर आम्ही येतो मदतीला," काका म्हणाले.

मी थक्क झालो. ताईंनी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि सगळी खोली शिकत होती.

सोमवारी खालून यंत्राची घरघर ऐकू आली. थोड्या वेळाने वहिनीचा खणखणीत आवाज आला, "बंद कर रे!" घरघर थांबली. माझा जीव टांगणीला लागला. मग तीच हसत म्हणाली, "निघाली चादर. कर चालू."

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय. मला ओल्या फडक्याने पुसा, जमलं तर रंगाचा एक हात द्या. पण तुमच्यात कुणी गप्प बसलं असेल, तर त्याचं उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका. खडू त्याच्या हातात द्या आणि जरा दम धरा.